फसवणुकीचा करार : गूढ शब्दकोड्यातील न्याय्यतेचा प्रश्न

१

रहस्यकथा वाचकाची दिशाभूल करते, उपरोध शब्दांच्या विरुद्ध अर्थ सुचवतो, श्लेष एका शब्दात दोन अर्थ वागवतो. या सर्व प्रकारांत दिशाभूल हे साधन असते. साध्य दुसरेच काही असते. वृत्तपत्रातील गूढ शब्दकोडे मात्र असा लेखनप्रकार आहे की, ज्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य वाचकाला चुकीच्या वाटेने नेण्यासाठीच रचलेले असते. तरीही त्याचा वाचक कोडेकारावर असत्याचा आरोप करीत नाही. तो जो आरोप करतो तो निराळा आहे : 'हे न्याय्य नाही.' इंग्रजी कोड्यांच्या परीक्षणात हाच शब्द सर्वांत वजनदार ठरत आला आहे. कोडे अतिशय अवघड असूनही न्याय्य असू शकते आणि सोपे असूनही अन्याय्य असू शकते. ज्याला फसवण्याचा परवानाच दिलेला आहे त्याने नेमके कोणते बंधन पाळायचे, आणि ते बंधन मोडले गेल्यास वाचकाचे नेमके काय हिरावले जाते, हा प्रश्न म्हणूनच करमणुकीच्या सदरापुरता राहत नाही. कर्ता, संहिता आणि वाचक यांच्या परस्परसंबंधांविषयी साहित्यमीमांसेत जे वाद झाले, त्यांना तो थेट जाऊन भिडतो.

मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडी बहुतांशी पर्यायशब्दांवर आणि सामान्यज्ञानावर चालतात. 'कमळ' असे विचारले की 'पंकज' लिहावे, एवढाच त्यांचा व्यवहार. गूढ कोड्यातील संकेतवाक्याचे सर्वसाधारणपणे दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो. दुसरा भाग उत्तराची अक्षरे कशी हाती लागतील ते सांगतो. या दोहोंमधला सांधा झाकलेला असतो, आणि सबंध वाक्य वरवर वाचले असता तिसरेच काही म्हणत असते. मराठीत रचून पाहायचे तर असे म्हणता येईल : 'नदी उलटते तेव्हा गरीब (२)'. वरवर वाचणाऱ्याला पूर आणि दारिद्र्य यांचे चित्र दिसते. कोडे सोडवणारा 'नदी' हा शब्दच उलटा वाचतो. त्याला 'दीन' मिळते, आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'विमान सकाळी पोटात घेऊन निघते ते मन (३)' या वाक्यात 'विमान सकाळी' या अक्षरांच्या पोटात 'मानस' सलग पडलेले आहे. 'सरकारला द्यावा लागणारा हात (२)' याचे उत्तर 'कर'. येथे तर दोन्ही भाग अर्थच सांगतात. तीनही वाक्ये वाचकाला फसवतात. त्यांतील एकही खोटे बोलत नाही.

आता पहिल्या वाक्यात किंचित बदल करून पाहावा : 'नदीला पूर येतो तेव्हा गरीब (२)'. उत्तर तेच आहे. वरवरचे चित्र तर अधिक ठळक झाले आहे. पूर आला की नदी पात्र सोडून उलटते, तेव्हा 'पूर' या शब्दाने उलटणे सुचते, असे कोडेकाराच्या मनात असेल. परंतु अक्षरे उलटी वाचावीत अशी आज्ञा 'पूर येतो' या शब्दांत कुठेही नाही. ती कोडेकाराच्या मनात आहे आणि तेथेच राहिली आहे. पहिले वाक्य न्याय्य आणि दुसरे अन्याय्य ठरते, ते एवढ्या एका अंतरामुळे.

२

हे अंतर ओळखण्याची दृष्टी एकाएकी आलेली नाही. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. ते साध्या अर्थनिर्देशांचे होते. कोड्याला गूढ वळण मिळाले ते इंग्लंडमध्ये. 'ऑब्झर्व्हर' या साप्ताहिक वृत्तपत्रात १९२६ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने कोडी रचली. मॅदर्स हे मुळात कवी आणि अनुवादक. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चे त्यांनी केलेले मुक्त इंग्रजी रूपांतर आजही वाचले जाते. स्पॅनिश धर्मन्यायपीठाच्या क्रूर प्रमुखाचे नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतले, यातच कोडेकार आणि वाचक यांच्यातील नात्याविषयीची त्यांची कल्पना दिसते. वाचकाला छळणे हा कोडेकाराचा अधिकार, आणि छळ सोसूनही शरण न जाणे हा वाचकाचा पराक्रम. टॉर्केमाडाच्या कोड्यांत कल्पकता विलक्षण होती. परंतु संकेतवाक्याने काय सांगितलेच पाहिजे, याचा निश्चित दंडक त्यांत नव्हता.

तो दंडक घडवला दोन शिक्षकांनी. 'लिसनर' या नियतकालिकातून 'अफ्रिट' या नावाने कोडी रचणारे ए. एफ. रिची हे वेल्स येथील कॅथीड्रल शाळेचे मुख्याध्यापक आणि धर्मोपदेशक होते. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आर्मचेअर क्रॉसवर्ड्स' या पुस्तकात त्यांनी जो नियम सांगितला, तो पुढे या क्षेत्राचा मूलमंत्र ठरला. त्याचा आशय असा की, कोडेकाराचे बोलणे वरवर वाटते तेच त्याला म्हणायचे असले पाहिजे असे नाही. परंतु जे त्याला म्हणायचे आहे ते त्याच्या बोलण्यात असलेच पाहिजे. दुसरे डेरिक सॉमरसेट मॅकनट, अभिजात भाषांचे शिक्षक. टॉर्केमाडानंतर १९३९ पासून १९७१ पर्यंत त्यांनी 'झिमेनीझ' या नावाने 'ऑब्झर्व्हर'मधील कोडी रचली, आणि १९६६ मध्ये या कलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चांगल्या संकेतवाक्यात अचूक अर्थनिर्देश असावा, अक्षरघटनेचा न्याय्य निर्देश असावा, आणि या दोहोंखेरीज काहीही नसावे, ही त्यांची भूमिका. ज्या शब्दाच्या अक्षरांची उलथापालथ करायची तो शब्दच वाक्यात न देता वाचकाने आधी तो ओळखावा अशी अपेक्षा ठेवणे त्यांनी निषिद्ध मानले. १९७२ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जोनाथन क्राउदर यांनी 'अझेड' या नावाने हीच परंपरा पुढे चालवली. छळाच्या रूपकापासून कराराच्या रूपकापर्यंतचा हा प्रवास आहे. टोपणनावे धर्मन्यायपीठाचीच राहिली. न्यायपीठासमोर मात्र आता कोडेकारही उभा राहिला.

३

अफ्रिटच्या नियमाचे दोन्ही अर्धे नीट पाहिले पाहिजेत. पहिला अर्धा भाग कोडेकाराला स्वातंत्र्य देतो. सत्य बोलण्याच्या नित्याच्या जबाबदारीतून वरवरचा अर्थ मुक्त होतो. हे स्वातंत्र्य असत्यापासून वेगळे कशामुळे ठरते, याचे सोपे उत्तर 'संमती' असे दिले जाते. वाचक स्वेच्छेने फसायला आला आहे. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली तिचे सार असे की, अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करणे म्हणजे खेळ. शब्दकोड्याला ती चपखल लागू पडते. परंतु संमतीने येथील नैतिक प्रश्न पुरता सुटत नाही. 'नदीला पूर येतो' या वाक्याच्या वाचकानेही संमती दिलेलीच होती. त्याने फसवले जाण्याला मान्यता दिली होती. वाऱ्यावर सोडून दिले जाण्याला नव्हे. वाट लपवलेली असणे आणि वाट अस्तित्वातच नसणे यांत जो फरक आहे, तो संमतीच्या कल्पनेने सांगता येत नाही.

नियमाचा दुसरा अर्धा भाग येथे उपयोगी पडतो. 'म्हणायचे असणे' ही मनातली गोष्ट आहे, 'बोलण्यात असणे' ही भाषेतली. दुसरीशिवाय पहिलीला किंमत नाही, असे हा नियम म्हणतो. पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात संभाषणामागील सहकार्याचे तत्त्व मांडले. बोलणारा सुबोध, पुरेसे आणि प्रस्तुत बोलेल असे ऐकणारा गृहीत धरतो, आणि म्हणूनच न बोललेलेही त्याला उमगते. गूढ संकेतवाक्य सुबोधतेची अपेक्षा जाणूनबुजून मोडते. पण ती मोडताना एका खोलवरच्या पातळीवर सहकार्य अबाधित ठेवते : प्रत्येक शब्दाला काम आहे, प्रत्येक आज्ञा शब्दकोश आणि व्याकरण यांच्या आधारे वाचता येणारी आहे. वरच्या मजल्यावर असहकार आणि तळघरात काटेकोर सहकार, अशी ही रचना आहे. तळघर रिकामे असेल तर वरचा असहकार ही निव्वळ फसवणूक ठरते.

साहित्यमीमांसेच्या दृष्टीने यातून एक लक्षणीय गोष्ट निष्पन्न होते. विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ मध्ये कर्त्याचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. रोलाँ बार्त यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. या दोन भूमिका भिन्न असल्या तरी दोन्हींच्या विरोधात एकच आक्षेप घेतला जातो : कर्त्याला बाजूला सारले तर त्याची जबाबदारीही संपते. गूढ शब्दकोडे हा आक्षेप फोल ठरवते. येथे कर्त्याच्या हेतूला पुरावा म्हणून काडीचीही किंमत नाही. 'मला हेच म्हणायचे होते' हा बचाव कोणताही जाणता वाचक ऐकून घेत नाही. पण नेमक्या याच कारणाने कर्त्यावरची जबाबदारी वाढते. त्याला नंतर येऊन काही सांगण्याची मुभा नाही, म्हणून सगळे आधी शब्दांत ठेवावे लागते. अधिकार आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी आपण सवयीने एकत्र बांधतो. येथे त्या सुटून वेगळ्या होतात. कर्त्याचा अधिकार संपतो, उत्तरदायित्व उरते.

वाचकाच्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ असा की, न्याय्य संकेतवाक्य सुटल्यावर वाचकाला कोणाला काही विचारावे लागत नाही. 'दीन' हे उत्तर बरोबर आहे हे उद्याचा अंक येण्यापूर्वीच त्याला ठाऊक असते, कारण अर्थ आणि अक्षरे या दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळालेल्या असतात. अन्याय्य संकेतवाक्याचा वाचक मात्र उत्तर मिळूनही पराधीन राहतो. त्याला कर्त्याच्या शिक्कामोर्तबाची वाट पाहावी लागते. प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. अन्याय्य कोड्यामुळे जे हिरावले जाते ते वाचकाचे स्वतःच्या वाचनावर विसंबण्याचे सामर्थ्य होय.

४

शब्दांपेक्षा मनाकडे धाव घेणारे वाचन किती दूर जाऊ शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण १९४४ चे आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील ६ जूनच्या स्वारीपूर्वी, त्या वर्षीच्या मे महिन्यात आणि जूनच्या आरंभी, 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि नेपच्यून ही उत्तरे येऊन गेली. हे सर्व शब्द त्या स्वारीतील गुप्त सांकेतिक नावे होती. कोडेकार लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते. गुप्तचर खात्याने त्यांची चौकशी केली. त्यांच्यावर काहीही सिद्ध झाले नाही. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने असे सांगितले की, कोड्याच्या रिकाम्या चौकटीत शब्द भरण्याचे काम डॉ मुलांना देत, आणि जवळच्या छावणीतील सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द मुलांनी त्यांत घातले होते.

चौकशी अधिकाऱ्यांचे वाचन मूर्खपणाचे होते असे म्हणता येत नाही. युद्धकाळात त्यांना तसे वाचणे भागच होते. परंतु ते कोड्याचे वाचन नव्हते. संकेतवाक्याने दिलेला शब्द सापडल्यावर कोड्याचे वाचन संपते. त्यांचे वाचन तेथून सुरू झाले आणि कर्त्याच्या मनात शिरू लागले. मुलांविषयीची ती हकीकत खरी धरली, तर ते शब्द तेथे येण्यामागे कर्त्याचा हेतू मुळी नव्हताच. शब्दांवरून उत्तरापर्यंत जाता येते, शब्दांवरून माणसाच्या अंतःकरणापर्यंत जाता येईलच असे नाही, ही मर्यादा या प्रकरणात उघडी पडते. अफ्रिटचा नियम कोडेकाराचे हात बांधतो, हे सर्वांना दिसते. तोच नियम कोडेकाराला वाचकाच्या संशयापासून संरक्षणही देतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

५

भारतीय परंपरेत कूटरचनेविषयी झालेला विचार या संदर्भात आठवणे अस्थानी होणार नाही. व्यास आणि गणेश यांची कथा सर्वपरिचित आहे. लेखणी थांबता कामा नये ही गणेशाची अट, आणि अर्थ कळल्याशिवाय लिहू नये ही व्यासांची. त्यातून कूटश्लोक जन्माला आले, आणि त्यांची संख्या आठ हजार आठशे सांगितली जाते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेतून वगळून परिशिष्टात ठेवली आहे. तिचे पाठचिकित्सेतील स्थान काहीही असो, कूटरचनेची नैतिक अट ती अचूक सांगते. व्यासांनी गणेशाला अडवले, पण समजून घेण्याची शक्यता त्याच्यापासून काढून घेतली नाही. गणेश थांबला, त्याने विचार केला आणि मग लिहिले.

दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार दिले आहेत. क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणकारांची गुप्त बोलणी आणि इतरांना संभ्रमात टाकणे, असे तिचे उपयोग तो सांगतो. त्याहून महत्त्वाचे हे की, तो 'साध्वी' आणि 'दुष्ट' अशी प्रहेलिकांची विभागणी मान्य करतो, आणि लक्षणात न बसणारी ती दुष्ट, असे म्हणून दुष्ट प्रहेलिकांचे वर्णन टाळतो. दोष अगणित असल्याने ते मोजण्यात अर्थ नाही, ही त्याची भूमिका झिमेनीझच्या वाचकाला ओळखीची वाटेल. येथेही चांगल्या-वाईटाचा निकष अवघडपणाचा नाही, लक्षणाचा आहे.

याउलट भामहाने टीकेवाचून न कळणाऱ्या काव्याविषयी नापसंती व्यक्त केली. अशा रचनेने बुद्धिमंतांचा उत्सव होत असला तरी मंदबुद्धींचा घात होतो, असा त्याचा आक्षेप. विश्वनाथाने रसाच्या आड येते म्हणून प्रहेलिकेला अलंकारच मानले नाही. हे दोन्ही आक्षेप प्रहेलिका काव्य आहे की नाही या प्रश्नाचे आहेत, आणि त्या प्रश्नापुरते ते बिनतोडही आहेत. दंडीचा प्रश्न निराळा होता : जी रचना कूट म्हणूनच पुढे आली आहे, तिने कूट म्हणून कसे वागावे? काव्याच्या निकषांवर हरलेली रचना तिच्या स्वतःच्या निकषांवर साध्वी असू शकते, हे दंडीने ओळखले होते.

६

परीक्षकाचे काम नेमके येथे येते. झिमेनीझ आणि पुढे अझेड यांनी वाचकांसाठी संकेतवाक्य रचण्याच्या स्पर्धा चालवल्या, आणि त्यांबरोबर 'स्लिप' या नावाने ओळखले जाणारे छापील पत्रक काढले. त्यात निवडलेली संकेतवाक्ये, त्यांवरील शेरे आणि नाकारलेल्या वाक्यांतील दोषांची चर्चा असे. एका अर्थी ही अतिशय सूक्ष्म अशी उपयोजित समीक्षाच होती. एखादा शब्द क्रियापद म्हणून आला आहे की नाम म्हणून, एखादा जोडशब्द खरोखर जोडतो की नुसता जागा अडवतो, यावर तेथे निर्णय होत. या समीक्षेचा विशेष असा की, 'मला ते सुटले नाही' आणि 'ते सुटण्याजोगे नव्हते' या दोन विधानांतील भेद ती सोडत नाही. पहिले विधान वाचकाविषयी आहे, दुसरे संहितेविषयी. दुसरे विधान करायचे तर संहितेत काय कमी आहे ते बोट ठेवून दाखवावे लागते. त्यासाठी परीक्षकाने आधी कोडे सोडवलेले असावे लागते, निदान उत्तरावरून मागे जाऊन प्रत्येक पायरी तपासलेली असावी लागते. स्वतःच्या पराभवाचा राग निर्णयात मिसळू न देणे ही येथे शैलीची बाब नसून सचोटीची बाब आहे.

मराठी समीक्षेत मर्ढेकरांच्या कवितेपासून ग्रेस यांच्या कवितेपर्यंत दुर्बोधतेचा आक्षेप वारंवार घेतला गेला. कवितेला एकच उत्तर नसते. म्हणून कोड्याचा निकष तिला जसाच्या तसा लावता येणार नाही. कविता 'सुटली' असे कोणी म्हणू लागला तर त्याने ती वाचलीच नाही असे म्हणावे लागेल. परंतु आक्षेपाची शिस्त मात्र उसनी घेता येण्यासारखी आहे. दुर्बोध ठरवलेल्या कवितेविषयी पहिला प्रश्न असा विचारायला हवा की, ती वाचकाकडून जे मागते त्याचा आधार तिच्या शब्दांत आहे की फक्त कवीच्या खाजगी साहचर्यांत आहे? आधार शब्दांत असेल तर कविता अवघड आहे, आणि उणीव असलीच तर वाचकाच्या तयारीत आहे. आधार नसेल तर कवीच्या मुलाखतीने किंवा मित्रांच्या आठवणींनी तो मागाहून पुरवता येत नाही. या दोन शक्यतांची सरमिसळ झाल्यानेच दुर्बोधतेवरील चर्चा अनेकदा एका बाजूने तक्रारीचे आणि दुसऱ्या बाजूने भक्तीचे रूप घेते.

७

झिमेनीझच्या दंडकावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. काटेकोर व्याकरणाने कोडे निर्दोष होते, पण निर्जीवही होऊ शकते. न्याय्यता ही किमान अट आहे, तिला सर्वोच्च मूल्य मानले की कल्पकतेचा संकोच होतो, असे 'गार्डियन'चे वाचक जॉन ग्रॅहम यांच्याकडे बोट दाखवून म्हणत. ग्रॅहम हे अँग्लिकन धर्मोपदेशक. १९५८ पासून त्यांची कोडी 'गार्डियन'मध्ये येत होती आणि 'अरॉकॅरिया' या नावाने ती ओळखली गेली. झिमेनीझचे नियम ते मोकळेपणाने वाकवीत, आणि तरीही त्यांच्यावर वाचकांचा जो विश्वास होता तसा फार थोड्या कोडेकारांच्या वाट्याला आला. याचा अर्थ न्याय्यता नियमांच्या यादीत मावत नाही, असा घेतला पाहिजे. नियम हे विश्वासाचे सर्वमान्य रूप. विश्वास त्यांच्या आधी असतो, आणि वर्षानुवर्षांच्या वाचनातून तो नियमांपलीकडेही जाऊ शकतो. तथापि, अनोळखी कोडेकाराचा अनोळखी वाचक या विश्वासावर दावा सांगू शकत नाही. त्याच्यासाठी नियमच हवेत.

तो विश्वास काय पेलू शकतो हे ११ जानेवारी २०१३ च्या 'गार्डियन'मधील कोड्यात दिसले. एक्याण्णव वर्षांच्या ग्रॅहम यांनी कोड्याच्या डोक्यावर एक सूचना दिली होती. आपल्याला अमुक क्रमांकाच्या जागेचा अमुक क्रमांक झाला आहे, आणि त्यावर अमुक क्रमांकांचा उपचार चालू आहे, अशा अर्थाची. क्रमांकांच्या जागा भरल्यावर वाचकाला कळले की कोडेकाराला अन्ननलिकेचा कर्करोग झाला असून, वेदना सुसह्य करण्यापुरते उपचार सुरू आहेत. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले.

एका मरणासन्न माणसाने स्वतःविषयीची सर्वांत गंभीर बातमी सांगण्यासाठी फसवणुकीचे माध्यम निवडावे, याचे अनेकांना नवल वाटले. परंतु वरील विवेचन मान्य असेल तर त्यात विसंगती राहत नाही. त्या सूचनेत वरवरचा आणि आतला असे दोन अर्थ नव्हते. रिकाम्या जागांसह ती सरळ सत्य होती. आणि ते सत्य वाचकाने ऐकले नाही, एकेक अक्षर स्वतःच्या हाताने चौकटीत लिहिले. कोणाच्याही सांगण्यावर त्याला विसंबावे लागले नाही. अर्धशतकाहून अधिक काळ ज्याने वरवरच्या अर्थाने फसवले आणि आतल्या अर्थाने कधी दगा दिला नाही, त्याच्या कोड्यात आलेला हा शब्द खेळातला नाही, हे ओळखायला वाचकाला दुसरा पुरावा लागला नाही. भाषेचा प्रामाणिकपणा शब्द आणि वस्तू यांच्या सरळ जुळणीतच असतो अशी समजूत रूढ आहे. गूढ शब्दकोड्याची शंभर वर्षांची परंपरा तो प्रामाणिकपणा आणखी एका ठिकाणी दाखवते : वाचकाकडून जे मागायचे ते सर्व, कितीही झाकून का होईना, त्याच्या हाती ठेवण्यात.